विश्लेषण : दोरी ओढली की उडी मारणारे कागदी माकड घरी कसे बनवाल? त्यामागचे विज्ञान काय?

जुनी लग्नपत्रिका, थोडा जाड दोरा आणि तासाभराचा वेळ एवढ्या भांडवलावर हात-पाय हलवणारे माकड तयार होते. सुट्टीत मुलांच्या हातातला मोबाइल काही काळ बाजूला राहतोच, शिवाय तरफेचा धडाही पुस्तक न उघडता शिकून होतो.

सुट्टी लागली की दोन-चार दिवसांतच ‘कंटाळा आला’ हे पालुपद सुरू होते आणि त्यावरचा सर्वात सोपा उपाय म्हणून मुलांच्या हाती मोबाइल दिला जातो. पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोर बसून जाणारा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, कमी असेल तर उत्तमच. मात्र मोबाइल काढून घेतल्यावर मुलांनी करायचे काय, हा प्रश्न घरोघरी उरतोच. हलणारे कागदी प्राणी हे त्याचे एक सोपे उत्तर आहे.

साहित्य काय लागते?

जाड लग्नपत्रिका किंवा बिस्किटांच्या पुड्याचे खोके, पेन्सिल, पट्टी, कात्री, जाड दोरा, डिंक, रंग आणि दोरीच्या टोकाला बांधायला एखादा मोठा मणी किंवा बटण. भोके पाडण्यासाठी दाभण किंवा जाड सुई घ्यावी. वहीचा पातळ कागद इथे चालत नाही. दोरी ओढली की हात फिरण्याऐवजी दुमडतो. तसाच कागद हाताशी असेल तर दोन-तीन थर एकमेकांवर चिकटवून, पुस्तकाखाली दाबून वाळवावेत.

माकड कसे बनवायचे?

धडासाठी १४ सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद तुकडा कापावा व कोपरे किंचित गोल करावेत. हात-पायांसाठी ९ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या लागतात. प्रत्येक पट्टीच्या एका टोकाला पंजाचा आकार द्यावा. डोक्यासाठी ६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ पुरे. चहाचा कप उपडा ठेवून पेन्सिल फिरवली तरी काम होते. जोडण्याआधीच सगळे भाग रंगवून घ्यावेत, नंतर ब्रश सांध्यांत अडतो.

आता भोके. प्रत्येक पट्टीवर पंजाच्या विरुद्ध टोकापासून १ सेंटिमीटरवर एक आणि २ सेंटिमीटरवर दुसरे भोक पाडावे. पहिले दोरीसाठी, दुसरे सांध्यासाठी. धडावर हातांसाठी वरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर खाली आणि पायांसाठी खालच्या कडेपासून २ सेंटिमीटर वर भोके हवीत. चारही भोके बाजूच्या कडांपासून दीड सेंटिमीटर आत असावीत. भोक पाडताना कागदाखाली खोडरबर ठेवले की टेबलही वाचते आणि बोटही. तरीही दाभण मोठ्यांच्याच हाती असावे.

चारही पट्ट्या पंजे खाली करून धडाच्या मागच्या बाजूला लावायच्या. दोऱ्याला जाड गाठ मारून तो पुढून धडाच्या भोकातून आणि मग पट्टीच्या सांध्याच्या भोकातून मागे काढावा व तिथे दुसरी गाठ मारावी. ही गाठ घट्ट आवळायची नाही. गाठ मारताना कागद आणि दोरा यांच्यात एक आगकाडी धरावी आणि गाठ बसली की ती काढून घ्यावी. उरलेली एवढीशी फट पट्टी सैलपणे फिरायला पुरेशी असते.

शेवटचे काम दोऱ्यांचे. माकड पालथे ठेवावे. दोन्ही हातांची वरची भोके एका आडव्या दोऱ्याने जोडावीत. हात सरळ खाली असताना हा दोरा ताणलेला नसावा, पण लोंबतही नसावा. दोन्ही पायांचेही तसेच करावे. मग एक लांब दोरा हातांच्या आडव्या दोऱ्याच्या बरोबर मध्यावर बांधून खाली आणावा, पायांच्या दोऱ्याच्या मध्यावर त्याची गाठ मारावी आणि उरलेला भाग खाली लोंबता ठेवून टोकाला मणी बांधावा. पुढून डोके आणि मागून शेपटी चिकटवली की माकड तयार. शेपटीची पट्टी पेन्सिलीभोवती गुंडाळून सोडली की तिला छान वळण येते. डोक्याला धरून माकड उभे लटकवावे आणि मणी खाली ओढावा. पाठीमागे लपलेले हात झटकन बाहेर येतात आणि पाय फाकतात.

दोरी खाली ओढली, तर हात वर कसा जातो?

हा प्रश्न मुले विचारतातच. उत्तर सी-सॉच्या फळीत आहे. फळीचे एक टोक खाली गेले की दुसरे वर जाते. माकडाचा हात ही तशीच एक फळी, म्हणजेच तरफ आहे आणि सांध्याची गाठ हा तिचा टेकू. दोरी टेकूच्या वरचे आखूड टोक आत आणि खाली ओढते, त्यामुळे पंजाचे लांब टोक बाहेर आणि वर फिरते. दोरी सोडली की स्वतःच्या वजनाने हात पुन्हा खाली येतो.

दोरीचे भोक टेकूपासून १ सेंटिमीटरवर आहे आणि पंजा ७ सेंटिमीटरवर. म्हणून आखूड टोक जेवढे सरकते, त्याच्या सुमारे सातपट अंतर पंजा कापतो. त्या बदल्यात जोरही जास्त लावावा लागतो, मात्र कागद हलका असल्याने तो जाणवत नाही. दोरीचे भोक टेकूच्या आणखी जवळ पाडले तर काय होईल, हे मुलांना आधी ओळखायला सांगावे आणि मग करून पाहू द्यावे.

माकड हलत नसेल तर?

हात वर जाऊन तिथेच अडकत असेल, तर सांध्याची गाठ घट्ट आहे. एकच हात हलत असेल, तर उभा दोरा मध्यावर बांधलेला नाही किंवा एका बाजूचा दोरा सैल आहे. हात बाहेर येण्याऐवजी आत वळत असतील, तर दोरा सांध्याच्या खालच्या बाजूला बांधला गेला आहे. चूक नेमकी कुठे आहे, हे लगेच सांगून टाकू नये. माकड उलटे करून दोऱ्याचा माग काढण्यात मुलांचे जे डोके चालते, ते व्हिडीओ पाहण्यात चालत नाही.

कोणत्या वयाच्या मुलाने काय करावे?

तीन-चार वर्षांच्या मुलांनी रंगवावे, चिकटवावे आणि शेपटी गुंडाळावी. मणी किंवा बटण मात्र त्यांच्या हाती देऊ नये. ते तोंडात जाऊन घशात अडकू शकते. अशा घरांत दोरीला कागदाचीच मोठी चकती लावावी. पाच-सहा वर्षांची मुले बोथट टोकाच्या कात्रीने पट्ट्या कापू शकतात. आठ वर्षांपुढची मुले मापे घेणे आणि दोरे बांधणे बहुतांशी स्वतः करतात. कान वाकडे कापले गेले, रंग रेषेबाहेर गेला, तर जाऊ द्यावा. पालकांनीच सुबक करून दिलेले माकड दिसते देखणे, पण ते मुलाचे राहत नाही.

महाराष्ट्राशी याचे नाते काय?

‘कळसूत्री’ या शब्दातच कळ आणि सूत्र, म्हणजे दोरा, हे दोन्ही आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावली-बाहुल्या आणि चित्रकथी या कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्या, त्यातही ‘अर्धवटराव’, मराठी घरांना परिचित आहेत. पुण्यात ‘आयुका’च्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी असंख्य खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खेळातून शिक्षणाचा हाच धागा २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ‘जादुई पिटारा’ या संचात खेळणी, कोडी आणि गोष्टींची पुस्तके आहेत.

माकड झाल्यावर पुढे काय?

सांधे आणि दोऱ्याची रचना तीच ठेवून पट्ट्यांचे आकार बदलले की दुसरे प्राणी तयार होतात. पाय लांब आणि गुडघ्यात वळलेले कापले की बेडूक, हातांच्या जागी पंख लावले की घुबड. पाठीमागून दिवा लावून भिंतीवर त्यांची सावली पाडली, तर रंगवण्याचीही गरज नाही. रात्री वीज गेली असेल तर मेणबत्तीपेक्षा बॅटरी वापरावी. कागद आणि ज्योत यांची गाठ न पडलेलीच बरी. दोन प्राणी झाले की त्यांच्यात काय बोलणे होते, हे मुलांवर सोडावे. गोष्ट तिथून आपोआप सुरू होते.