दुधाळ पाण्यातला झोल

रविवारी पहाटेचा अलार्म लावून कोणी रोडपालीला जातं का? मी गेले. भुशी डॅमचे फोटो सगळ्यांकडेच असतात, आपण जरा हटके करू, हा माझा फण्डा. रोडपाली म्हणजे पनवेलची, कळंबोलीला खेटून. एकीकडे मुंब्रा-पनवेल हायवेवरचे ट्रेलर, दुसरीकडे टॉवर आणि जवळून तळोजा एमआयडीसीतून येणारी कासाडी नदी. वाहतं पाणीही आणि शहरही!

पहिल्याच फेरीत पोपट झाला. पाणी वाहतच नव्हतं. चक्क थांबलेलं. काठावर जाळं घेऊन बसलेले एक काका हसले. म्हणाले, "आता भरती पुरी झालीय. तिथी बघून यायचं ना!"

मग त्यांनी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला ६, चतुर्थीला ३. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी संपते आणि मधल्या वेळात पाणी सगळ्यात जोरात पळतं. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या रविवारी ज्या वेळेला भरती, पुढच्या रविवारी त्याच वेळेला जवळपास ओहोटी. माझं "दर वीकेण्डला सकाळी जाऊ" हे प्लॅनिंग तिथेच बाद झालं. खाडीत आत शिरेपर्यंत पाण्याला थोडा उशीर होतो, तेवढी सूट धरायची. (घरच्या कॅलेंडरचा उपयोग दुधाचा हिशेब लिहिण्यापलीकडेही असतो, हे मला तेव्हा कळलं.)

म्हणून संकष्टीची संध्याकाळ बेस्ट. तीनला भरती, सहा-साडेसहाला भन्नाट ओढ आणि त्याच सुमाराला सूर्यास्त. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आकाश गडद निळं असतं, टॉवरमधले दिवे लागलेले असतात. तेवढ्यात फोटो उरकायचा. ट्रायपॉड पुलावर लावू नका, एक ट्रेलर गेला की सगळा पूल थरथरतो आणि फ्रेम गेली कामातून. काठावर उतरा. शटर पाव सेकंद ठेवलं तर पाण्याच्या रेघा दिसतात, आठ-दहा सेकंद ठेवलं तर पाणी दूध होतं आणि पुलावरच्या हेडलाइट्सची एक अखंड माळ.

माझा दहा सेकंदांचा फोटो सॉलिड आला. कासाडीवर रेशमी धुकं! मी खूश होऊन जवळच उभ्या असलेल्या एका मावशींना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी डोळे बारीक केले. "ही कुठली गो नदी? आमची नाय ही."

त्यांचं बरोबर होतं. ते धुकं नव्हतं, फेस होता. ही तीच नदी, जिच्या प्रदूषणाबद्दल इथले मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करत आलेत. हा तोच तळोज्याचा पट्टा, जिथे ऑगस्ट २०१७ मध्ये निळे झालेले कुत्रे फिरताना दिसले होते. दहा सेकंदांत फेसाचे सगळे बुडबुडे एकमेकांत मिसळले आणि मी नदी धुऊन काढली. तीही फुकटात.

एडवर्ड बर्टिन्स्की या कॅनडाच्या फोटोग्राफरने १९९६ मध्ये सडबरीला निकेलच्या खाणीच्या गाळाचा फोटो काढला होता. काळ्या जमिनीतून केशरी नदी वाहतेय. बघतच राहावं इतका देखणा. पण नावातच त्याने लिहून टाकलं, 'निकेल टेलिंग्ज'. दिसायला सुंदर, पण लपवाछपवी नाही.

मी परत गेले. शटर एक पाचशेवर, उजेड असतानाच. एकेक बुडबुडा गोठलेला, मध्ये अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवी, मागे टॉवर. हा फोटो कुणाच्या डेस्कटॉपवर जाणार नाही, माहीत आहे. मावशींना दाखवला. त्या लगेच म्हणाल्या, "हां, ही आमची."

आता दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवलेत, खाली शटरची वेळ लिहून. पुढच्या संकष्टीला पुन्हा जातेय. यायचं तर साडेपाचपर्यंत काठावर पोचा, आणि जुने बूट घाला.