सुटींतलें मित्रमंडळ आणि नवा चित्रपट

चित्रपटाचा खेळ सुटला म्हणजे चित्रगृहाच्या दारांत पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'कसा वाटला ?' उत्तरही बहुधा एकदोन शब्दांचेंच असतें. 'झकास', 'बरा', नाहीं तर 'पैसे फुकट गेले'. मग मंडळी उपाहारगृहाकडे वळते आणि विषय तेथेंच संपतो. पण तीच मंडळी दोन दिवसांच्या सुटीला एकत्र बाहेर पडलेली असली तर गोष्ट निराळी होते. रात्रीं एक मत असतें, सकाळीं चहाबरोबर दुसरें होतें, आणि परतीच्या मोटारींत तिसरेंच कांहीं निघतें. माणसें चंचल असतात म्हणून असें होतें, हें समजणें बरोबर नाहीं. चित्रपट पाहणें आणि चित्रपटाविषयीं मत बनविणें या दोन क्रिया एकाच वेळीं पुऱ्या होत नाहींत, हें त्याचें खरें कारण आहे.

उदाहरणादाखल सन २०१६ च्या मे महिन्यांतील एक मंडळ डोळ्यांपुढें आणावें. एकाच शाळेंतले पांच मित्र ; एक बँकेंत, एक साखर कारखान्यांत, एक एस्. टी. चा कंडक्टर, एकाचें शिंप्याचें दुकान आणि पांचव्याची घरची शेती. वर्षांतून एकदां दोन दिवस घरादाराचा पाश सोडून हिंडावयाचें हा त्यांचा परिपाठ. त्या सालीं कोल्हापुरास रात्रीचा खेळ पाहावयाचा आणि सकाळीं पन्हाळ्यास जावयाचें असा बेत ठरला. चित्रपट होता नागराज मंजुळे यांचा 'सैराट'. तो २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला होता आणि गांवोगांव त्याचाच बोलबाला चालला होता. पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरांतला मुलगा यांच्या प्रेमाची ती कथा. अजय-अतुल यांच्या गाण्यांना लोक अनेक चित्रगृहांतून पडद्यापुढें जाऊन नाचत. पण अखेरच्या कांहीं क्षणांत सगळें चित्रगृह स्तब्ध होऊन जाई. तो शेवट काय आहे, हें येथें सांगावयाचें नाहीं. ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांचा तो हक्क आहे.

अंधारांत शेंदोनशें माणसें एकत्र बसलीं म्हणजे हंसणें संसर्गजन्य होतें. एकट्यानें घरीं पाहतांना ज्या वाक्यावर ओठही हलणार नाहीं, त्या वाक्यावर तेथें टाळी पडते. गर्दीची ही ऊब अंगावर असतांना दिलेलें मत निम्में चित्रपटाचें आणि निम्में गर्दीचें असतें. म्हणून दारांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर खोटें नसलें तरी कच्चें असतें. रात्रीं कोल्हापुरांत पांचांपैकीं चौघांनीं 'फारच छान' म्हटलें. पांचवा 'झोप आली' म्हणून वळला.

पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारें ३,००० फूट उंच आहे. मे महिन्यांतही तेथें सकाळचा वारा गार असतो. तीन दरवाजा पाहून, सज्जा कोठीच्या बाजूस फेरफटका मारून मंडळी झुणका-भाकर, खर्डा आणि मडक्यांतलें दहीं यांवर बसली तेव्हां खरा वाद सुरूं झाला. बँकेंतल्या मित्राचें म्हणणें चित्रपट फार लांब, जवळजवळ तीन तासांचा. निम्म्यांत आटपला असता. कारखान्यांतला म्हणाला, ऊंस, विहीर, नदी हें सगळें खरें दिसलें, कोठें रंगविलेला पडदा वाटला नाहीं. शिंप्यानें मुलीचे कपडे आणि तिचें बुलेट चालविणें एवढेंच लक्षांत ठेविलें होतें. कंडक्टरचा जीव सोलापूरकडच्या बोलीवर जडला ; ती बोली तो रोज आपल्या गाडींत ऐकत असे आणि पडद्यावर ती अशी अस्सल कधीं ऐकली नव्हती. चौघांचा आवाज चढला. वास्तविक भांडण्याचें कारणच नव्हतें. एक लांबीविषयीं बोलत होता, दुसरा छायाचित्रणाविषयीं, तिसरा पात्राविषयीं आणि चौथा भाषेविषयीं ; मात्र प्रत्येकाच्या तोंडीं शब्द एकच, 'पिक्चर'.

मित्रामित्रांतले बहुतेक वाद या जातीचे असतात. 'मला आवडला' आणि 'तो चांगला आहे' हीं दोन वाक्यें एकच आहेत असें धरून चालल्यामुळें ते वाढतात. पहिल्या वाक्यावर वाद घालतां येत नाहीं. भाकरीबरोबर कोणास खर्डा आवडतो, कोणास दहीं. दुसऱ्यावर घालतां येतो, पण मग पुरावा द्यावा लागतो, आणि पुरावा म्हणजे प्रसंग. 'कंटाळवाणा होता' असें कोणी म्हणाला कीं 'कोठें ?' एवढेंच विचारावें. बँकेंतल्या मित्रास तसें विचारल्यावर त्यानें हैदराबादचा भाग सांगितला. तें जोडपें परक्या शहरांत पोट भरण्यासाठीं धडपडतें तो भाग त्याला संथ वाटला होता. त्यावर कंडक्टर म्हणाला, पळून गेलेल्यांचे दिवस संथच जातात. मतभेद मिटला नाहीं, पण आतां दोघांचें बोलणें एकाच गोष्टीविषयीं चाललें होतें.

हा प्रकार आजकालचाच आहे असेंही नव्हे. प्रभात कंपनीचा 'कुंकू' १९३७ सालीं आला. व्ही. शांताराम यांनीं तो ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केला. म्हाताऱ्याशीं फसवून लग्न लावलेली नीरा त्या लग्नास मान्यता देत नाहीं. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब या दोन भूमिका अजून स्मरणांत आहेत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचा शेवट सांगण्यास हरकत नसावी : म्हातारा आत्महत्या करून तिची वाट मोकळी करतो. त्यानें खरोखर नीरेचा प्रश्न सुटला कीं लेखकानें नुसती गांठ कापली, यावर आजही चार माणसें तासभर बोलूं शकतील. शिवाय त्या चित्रपटांत पार्श्वसंगीत नाहीं. घरांत, रस्त्यांत जे आवाज होतात तेवढेच ऐकूं येतात. हें पाहतांना बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. कोणी मित्रानें मागाहून सांगितलें म्हणजे आपल्याला तो अवघडलेपणा कां जाणवला याचा उलगडा होतो. चर्चेचा खरा लाभ हाच. दुसऱ्याच्या कानांनीं आणि डोळ्यांनीं तोच चित्रपट पुन्हां पाहतां येतो, आणि तिकीट लागत नाहीं !

कथा किती सांगावी, याचाही एक संकेत पूर्वी होता. चित्रगृहाबाहेर गाण्यांचीं पुस्तकें विकत. त्यांत कथानक अर्ध्यावर आणून सोडीत आणि पुढचा भाग पडद्यावर पाहण्याचें आमंत्रण देत. त्यांत धंद्याची युक्ति होती हें खरें, पण सभ्यपणाही होता. आतां खिशांतल्या फोनवर पहिला खेळ सुटण्यापूर्वींच शेवट गांवभर होतो. सांगणाऱ्याला आपण पुढें असल्याचा आनंद क्षणभर मिळतो. ऐकणाऱ्याचे मात्र पुढचे दोन-तीन तास जातात.

या गप्पांवर दुसऱ्यांचें पोटही अवलंबून असतें. 'संत तुकाराम' (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. इतका काळ केवळ जाहिरातीवर कोणताही चित्रपट चालत नाहीं. पाहून गेलेल्यांनीं दुसऱ्यांना धाडल्याशिवाय तें होत नाहीं. त्या काळीं चांगल्या चित्रपटास लोकांच्या कानापर्यंत पोंचण्यास सवड मिळे. आतां चित्रपट शुक्रवारीं लागतो, आणि शनिवार-रविवारची गर्दी पाहून पुढें किती खेळ ठेवावयाचे तें चित्रगृहवाला ठरवितो. 'सैराट' त्यांतून तरला आणि शंभर कोटींहून अधिक उत्पन्नाचा पहिला मराठी चित्रपट ठरला. पण ज्या लहान मराठी चित्रपटास दुपारचा एखादाच खेळ मिळालेला असतो, त्याला न पाहतां 'कांहीं दम नाहीं' म्हणणारे चार मित्र पुरेसे होतात. मंगळवारीं कोणी विचारीत गेलें तर फलकावर दुसरेंच नांव असतें.

पन्हाळ्यावरील त्या मंडळांत पांचवा मित्र, शेतकरी, दुपारपर्यंत गप्पच होता. शिंपी सहज बोलून गेला, 'शेवट उगाच रडविण्यासाठीं घातलाय. असं कुठं होतं ?' बाकीचे तिघे एकदम दहीं वाढून घेऊं लागले. त्या शेतकऱ्याच्या धाकट्या बहिणीनें जातीबाहेर लग्न केलें होतें. सात वर्षें घरांत तिचें नांव कोणी काढीत नव्हतें. हें तिघांना माहीत होतें. शिंप्यालाही होतें, पण बोलण्याच्या भरांत तो विसरला.

शेतकऱ्यानें भाकरीचा तुकडा ताटांत ठेवला. 'होतं,' तो म्हणाला. 'आमच्याकडं झालं नाही, एवढंच. पण आबा त्या वर्षी घरात काय काय बोलत होते ते मी ऐकलंय. मी तिथंच बसलो होतो, नि गप्प होतो.' थोड्या वेळानें तो पुन्हां म्हणाला, 'काल पडद्यावर तिचा भाऊ आला नि मला माझंच तोंड दिसलं.'

त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. चित्रपट लांब आहे कीं नाहीं हा वाद त्या दिवशीं पुन्हां निघाला नाहीं. संध्याकाळच्या एस्. टी. नें मंडळी खालीं उतरली. कोल्हापूरच्या स्थानकावर निरोप घेतांना शिंपी त्याच्याजवळ गेला आणि हलकेच विचारूं लागला, 'कुठं असते रे ती आता ?' शेतकऱ्यानें हडपसर म्हणून सांगितलें. नंबर त्याच्यापाशीं नव्हता, कंडक्टरपाशीं होता. बहिणीच्या नवऱ्यानें चार वर्षांपूर्वीं एकदां त्याच्या गाडींत प्रवास केला होता, तेव्हां तो त्यानें मागून घेतला होता आणि आजवर कोणाला सांगितला नव्हता.