बोरघाटातील दरीपूल
बोरघाटातील दरीपूल : मुंबई–पुणे लोहमार्गावरील, सह्याद्रीच्या चढणीत एकोणिसाव्या शतकात बांधलेले दगडी कमानींचे पूल. नदी ओलांडणाऱ्या साध्या पुलाहून भिन्न, म्हणजे दरीच्या दोन कडा जोडून मार्ग एका पातळीत नेणाऱ्या, अनेक गाळ्यांच्या पुलास दरीपूल म्हणतात. दरी फार खोल असल्यास मातीचा भराव घालणे परवडत नाही व पावसाळी ओढ्यांनाही वाट राहत नाही. अशा ठिकाणी तो बांधतात.

कमानीत सर्व भार दाबाच्या रूपाने खाली उतरतो. वीट व दगड हे पदार्थ दाब उत्तम सोसतात, मात्र ताण सोसत नाहीत. म्हणून कमान त्यांस अनुकूल ठरते. लगतच्या दोन कमानींचे आडवे रेटे खांबावर परस्परांस तोलतात. त्यामुळे एक खांब खचला, तर शेजारच्या कमानीही ढासळण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये विटांचे भव्य दरीपूल उभे राहिले. तेथील ऊझ खोऱ्यातील ३७ कमानींच्या पुलास (१८४१) सुमारे १ कोटी १० लाख विटा लागल्या. सह्याद्रीत काळा पाषाण जागेवरच मिळत असल्याने विटेऐवजी तोच वापरला गेला.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांच्या आराखड्यानुसार हे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किमी. लांबीत ५५८ मी. चढण, २५ बोगदे व आठ दरीपूल असे त्याचे स्वरूप होते. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा दंगा झाला. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच मरण पावले व त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम पुढे चालविले. कामाच्या भरात ४०,००० हून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकीच्या साथींनी त्यांतील पुष्कळांचा बळी घेतला. मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. बर्कली त्यापूर्वीच, १८६२ मध्ये निवर्तले होते.

इंग्रजी दप्तरांत ‘म्हाऊ-के-मल्ली’ या नावाने नोंदलेला आठ कमानींचा दरीपूल १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात कोसळला. दर्शनी भाग घडीव चिऱ्यांचा, परंतु आतील भरण डबराचे व निकृष्ट चुन्याचे, हा त्या काळच्या घाईने उरकलेल्या कामांचा दोष होता. बाहेरचे चिरे आतील भरणाशी पुरेसे सांधलेले नसले, म्हणजे खांब एकसंध राहत नाही. पाणी मुरून तो आतून पोकळ होतो आणि वरून मात्र काहीच दिसत नाही. या दुर्घटनेनंतर कंपनीच्या इतर दगडी कामांचीही तपासणी झाली व अनेक पूल पुन्हा बांधावे लागले.

सुमारे १९२९ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण होताना खंडाळ्याजवळची, गाडीची दिशा उलटविण्याची व्यवस्था वगळून नवी आखणी करण्यात आली. दरीपुलाचे स्थैर्य दर्शनी घडणीवर नव्हे, तर न दिसणाऱ्या बांधणीवर अवलंबून असते, ही बोरघाटाची शिकवण पुढील बांधकामांसही लागू पडणारी आहे.