वाफ म्हणतात, पण ती वाफ नाही

मागच्या उन्हाळ्यात मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी घाईघाईनं बोलावून घेतलं. मुलगा नववीत. त्याच्या दप्तरात कंपासपेटीशेजारी एक वस्तू सापडली होती. हायलायटरएवढी, आकाशी रंगाची, एका टोकाला चपटी चोच आणि नाकाजवळ नेली की आंब्याचा वास. "भाऊजी, हा म्हणतो पेन ड्राइव्ह आहे. मग याला वास कसा येतो?" थोड्या वेळानं ती व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, असल्याचं मुलानं कबूल केलं, पण त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटत नव्हतं. "काका, ती नुसती पाण्याची वाफ असते."

हेच वाक्य मी रुवी हाय स्ट्रीटवरच्या चहाच्या दुकानात तिशीतल्या इंजिनियरांकडून ऐकलंय. सुटीत पुण्याला गेलो की तिथंही ऐकतो.

ती वस्तू मी मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका मित्राकडे नेली. त्यानं हातमोजे घालून ती बेतानं उघडली. आत बॅटरी असते, त्यामुळे घरी कुणी हे करून पाहू नये. वर्तमानपत्रावर मांडल्यावर ऐवज एवढाच निघाला: करंगळीच्या दोन पेरांएवढी लिथियम-आयन बॅटरी, शर्टाच्या बटणाएवढा सेन्सर, चिकट द्रवात भिजलेला बोळा आणि त्या बोळ्याच्या मधून गेलेली धातूची नळी. नळीत कापसाची वात आणि तिला लागून बारीक तारेचं वेटोळं. निरांजनातल्या वातीला इस्त्रीची कॉइल जोडावी तसा हा प्रकार. चोचीतून झुरका घेतला की आतल्या हवेचा दाब कमी होतो, सेन्सरला ते कळतं आणि तारेत वीज जाते. तार साधारण दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते, वातीतला द्रव उडतो आणि पुढे थंड हवा लागताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब होतात. हाच तो पांढरा लोट.

आता तो द्रव. त्यात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. शिवाय निकोटिन आणि वासाची, चवीची रसायनं. पाणी असलंच तर नावाला. म्हणजे कुकरच्या शिट्टीतून येते ती वाफ ही नव्हे. फोडणी देताना तेलाचे न दिसणारे कण उडतात आणि ओट्यामागच्या फरशीवर चिकट थर बसतो, हे त्याच जातीचं. मस्कतच्या जुलैमध्ये एसीतून बाहेर पडलं की चष्म्यावर पाणी धरतं. ते रुमालानं पुसलं की काच स्वच्छ. पण गाडीत बसून व्हेप ओढणाऱ्याच्या पुढच्या काचेवर आतून बोट फिरवून पाहा, तेलकट रेघ उमटते. काचेवर जे बसतं, तेच फुप्फुसातही जातं.

तापमानाचा मुद्दा इथेच येतो. द्रव संपत आला आणि वात कोरडी पडली की तार नको तितकी तापते, आणि ग्लायकॉल व ग्लिसरीनचं विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन अशी द्रव्यं तयार होतात. ओढणाऱ्याला तेव्हा जळका झुरका लागतो. तारेतून आणि डाख दिलेल्या सांध्यांतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंशही थेंबांत उतरतात, हे प्रयोगशाळांनी मोजून दाखवलंय.

"यात तंबाखू नाही, मग व्यसन कसलं?" हा दुसरा समज, आणि माझ्या मते सगळ्यांत महाग पडणारा. व्यसन निकोटिनचं असतं, तंबाखूच्या पानाचं नव्हे. पूर्वीच्या द्रवात निकोटिन मुक्त रूपात असे. त्यानं घसा झोंबायचा, खोकला यायचा आणि नवशिक्याचा हात आखडायचा. मग बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार करण्याची युक्ती निघाली. अमेरिकेत २०१५ साली आलेल्या 'जूल'नं ती घराघरांत पोचवली. आता घसा झोंबत नाही आणि निकोटिन मात्र कितीतरी जास्त देता येतं. निसर्गानं मुलाच्या घशात ठेवलेला पहारेकरीच इथं झोपवून टाकला आहे, आणि मला याचा खरोखर राग येतो.

हिशेब करून पाहू. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन जातं. वहिनींच्या मुलाकडच्या नळीवर '५ टक्के' छापलं होतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम. दोन मिलिलिटर द्रव धरला तरी १०० मिलिग्रॅम झालं. त्यातलं निम्मं वाया गेलं असं मानलं, तरी वीसच्या दोन पाकिटांच्या आसपास हिशेब जातो. युरोपीय संघानं मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती उगाच नाही. मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून चौदाव्या वर्षी लागलेली निकोटिनची सवय चाळिशीत लागलेल्या सवयीपेक्षा खोल रुजते.

'शून्य निकोटिन' लिहिलेल्या डबीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००९ साली काही कार्ट्रिज तपासली, तेव्हा निकोटिन नसल्याचा दावा करणाऱ्यांपैकी एक सोडून सगळ्यांत ते सापडलं होतं.

"फ्लेवर तर खाण्याचेच असतात ना?" खाण्याचेच असतात, पण पोट आणि फुप्फुस यांत फरक आहे. पोटात आम्ल असतं, पाचकरस असतात, पुढे यकृताची चाळणी असते. फुप्फुसात हवा आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक अतिशय पातळ पडदा. लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल खाल्लं तर काही होत नाही, पण पॉपकॉर्नच्या कारखान्यात त्याचा वाफारा रोज श्वासात घेणाऱ्या अमेरिकी कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्याचं २००० च्या सुमारास उघड झालं.

इथंच उलट दिशेचे गैरसमजही सांगायला हवेत, नाहीतर मुलं आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. व्हेपनं 'पॉपकॉर्न लंग' झाल्याचं पक्कं सिद्ध झालेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अमेरिकेतल्या मृत्यूंची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. २०१९ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथं फुप्फुसाच्या गंभीर इजेचे २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बहुतेक जण गांजातलं नशेचं द्रव्य असलेला, बहुतेकदा चोरट्या बाजारातला द्रव ओढणारे होते, आणि मुख्य संशयित ठरलं त्यात घातलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. त्यातून शिकायचं ते हे, की नळीत काय भरलंय हे ओढणाऱ्याला कळत नाही.

"सिगारेटपेक्षा ही जास्त वाईट," हेही चूक. सिगारेटचं टोक झुरक्यासरशी नऊशे अंशांपर्यंत तापतं. धुरात हजारो रसायनं असतात, त्यांपैकी किमान ७० कर्करोगकारक, शिवाय डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळे डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं २०१५ साली व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक असल्याचं म्हटलं, ते याच आधारावर. तो आकडा मात्र मोजमापातून आलेला नाही, तो तज्ज्ञांचा अंदाज आहे. शिवाय ती तुलना वीस वर्षं सिगारेट ओढणाऱ्या माणसासाठी होती. ज्या पोरानं कधी बिडीला हात लावला नाही, त्याची तुलना स्वच्छ हवेशीच करायला हवी.

सिगारेट सोडायला व्हेप उपयोगी पडते का? काहींना पडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ८८६ जणांच्या चाचणीत समुपदेशनाच्या जोडीला व्हेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के जण वर्षअखेर सिगारेटमुक्त होते. निकोटिनचा च्युइंगगम, पट्टी वगैरे वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होतं. मात्र सिगारेट सुटलेल्यांपैकी व्हेपगटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. रुवीत कुणी आडून विकलेली, कुठं बनली याचा पत्ता नसलेली नळी म्हणजे तो उपचार नव्हे.

आणि आडूनच विकली जाते, कारण "दुबईला मिळते, मग इथंही चालतच असेल" हा समज साफ खोटा आहे. ओमाननं ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१५ सालीच बंदी घातली. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या ७५६ क्रमांकाच्या आदेशानं ई-सिगारेट, ई-शिशा आणि त्यांचे सुटे भाग या सगळ्यांच्या व्यापाराला मनाई करून दंड १,००० रियाल केला. पुन्हा सापडल्यास तो दुप्पट होतो, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर दिवसाला ५० रियाल, कमाल २,००० पर्यंत.

सुटीत मुंबईला जाताना भाच्यासाठी एखादी नेणाऱ्यांनी तर विशेष ऐकावं. भारतात १८ सप्टेंबर २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, नुसत्या साठ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भेट म्हणून नेली तरी ती आयातच.

वहिनींच्या मुलाला त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. त्याला वर्तमानपत्रावर मांडलेले ते सुटे भाग दाखवले आणि वरचा हिशेब त्याच्याच वहीत त्याला करायला लावला. सोडल्यानंतरचा आठवडाभर त्याची चिडचिड झाली, झोप मोडली, अभ्यासात लक्ष लागेना. हा निकोटिन तुटल्याचा त्रास असतो. पहिले दोन-तीन दिवस तो सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो. तुमच्या घरात अशी आंब्याच्या वासाची नळी सापडली, तर ते दिवस मुलाला एकट्याला काढायला लावू नका, आणि त्रास झेपेना तर त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.