खरी सोलापुरी कोणती?

सोलापूरच्या सात रस्त्यावर उतरलेला परगावचा माणूस रिक्षावाल्याला चादरीचं दुकान विचारतो, तेव्हा त्यात एक शब्द हमखास घालतो : खरी. खरी सोलापुरी चादर कुठं मिळेल? रिक्षावाला त्याला पूर्व भागाची वाट दाखवतो. भवानी पेठ, साखर पेठ, दाजी पेठ. त्या गल्ल्यांतून दिवसभर मागांचा खडखडाट ऐकू येतो. सोलापूरकरांच्या मते खरी चादर तिथली.

हा 'खरी' शब्द उगाच चिकटलेला नाही. पानिपतसारख्या गावांत विणलेल्या स्वस्त चादरी सोलापूरचं नाव लावून रेल्वे स्टेशनांबाहेर, आठवडी बाजारांत आणि थेट दारावर विकल्या जातात. रंग भडक, सूत भेसळीचं, भाव निम्मा. दोन धुण्यांत चादर विरते आणि नाव मात्र सोलापूरचं जातं.

पण अस्सल चादरीचं कूळ शोधायला निघालं की गंमत सुरू होते. तिच्यावरची मोर-कमळं आणि वेलबुट्ट्या जेकार्डमुळे उमटतात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कोणता धागा उचलायचा, कोणता खाली ठेवायचा हे त्या भोकांवर ठरतं. ही युक्ती फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास रेशीम विणणाऱ्यांसाठी सिद्ध केली. त्या युक्तीने सोलापुरात चादर विणली तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांनी, ज्यांचे पूर्वज निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, इकडे आले. शेजारच्या गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, घरात तेलुगू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा या समाजाचं मूळ आणि मुक्काम दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात.

चादरीची बहीण टॉवेल. तिचं कूळ तर आणखी लांबचं. लोक आजही त्याला 'टर्किश टॉवेल'च म्हणतात. 1850 च्या सुमारास हेन्री ख्रिस्टी नावाच्या इंग्रजाने तुर्कस्तानात फासे असलेलं हातविणीचं कापड पाहिलं, नमुना मायदेशी नेला, आणि तिथं ते यंत्रावर विणण्याची सोय झाली. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात ते मांडलंही गेलं. तुर्कस्तान, इंग्लंड आणि मग सोलापूर. यातला कोणता मुक्काम 'मूळ' म्हणायचा?

अगदी हाच वाद आफ्रिकेत कित्येक वर्षं चालू आहे, आणि तिथं तो जास्त तापलेला आहे. आफ्रिकी पोशाख म्हटलं की जगाच्या डोळ्यांपुढे येतं ते ठळक रंगांचं, मोठ्या नक्षीचं, मेणछापाचं कापड. घानापासून काँगोपर्यंत बायका ते नेसतात, लग्नात मिरवतात, अंत्यविधीलाही घालतात. पण ते कापड जन्माला आलं हॉलंडमध्ये. जावा बेटावरच्या बाटिकची यंत्रावर नक्कल करून ती जावातच विकायचा डच व्यापाऱ्यांचा बेत होता. यंत्रछपाईत मेणाला तडे जात आणि रंगाच्या रेघा उमटत. जावातल्या गिऱ्हाइकांना त्या खपल्या नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या किनाऱ्यावर मात्र त्याच रेघांना पसंती मिळाली. हेल्मंड गावातली 1846 साली सुरू झालेली व्लिस्को कंपनी आजही या कापडाचं सर्वांत मानाचं नाव आहे, आणि चिनी नकलांपासून वाचण्यासाठी ती 'अस्सल हॉलंडचं' अशी मोहोर मारते. आफ्रिकेची ओळख मानलं जाणारं कापड आपण अस्सल डच असल्याची ग्वाही देतं.

मग ते आफ्रिकी नाहीच का? टोगोच्या लोमे शहरातल्या व्यापारी बायकांना हे पटलं नसतं. त्या कापडाचे घाऊक हक्क मिळवत, कोणती नक्षी चालेल ते कारखान्याला सांगत, आणि प्रत्येक नक्षीला बाजारात नाव देत. पैसा इतका आला की त्यांच्या मर्सिडीज गाड्यांवरून त्यांना 'नाना बेंझ' म्हणू लागले. कापड हॉलंडचं, पण त्याला अर्थ दिला तो लोमेच्या बाजाराने.

याहून सुंदर उदाहरण नायजेरियातल्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कलाबारी लोकांचं आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच देशात होते. मद्रासच्या आसपास विणलेलं चौकडीचं सुती कापड व्यापाराच्या वाटेने त्यांच्याकडे पोचलं. कलाबारी बायकांनी ते नुसतं नेसलं नाही. पात्याने ठरावीक धागे उचलून कापले, ओढून काढले, आणि चौकडीतून नवीच, जाळीसारखी नक्षी मोकळी केली. याला 'पेलेते बिते' म्हणतात. विणणाऱ्याने घातलेले धागे काढून नवं कापड बनवायचं, ही कल्पना मद्रासच्या विणकराच्या स्वप्नातही आली नसेल. सणासुदीला, मानाच्या प्रसंगी हे कापड लागतंच.

कपड्यांच्या अभ्यासक जोन आयकर आणि नायजेरियाचे टोन्ये एरेकोसिमा यांनी या प्रकरणावरूनच एक विचार मांडला. परकी वस्तू एखादा समाज आधी निवडतो, तिला स्वतःचं नाव आणि अर्थ देतो, आपल्या रीतिभातीत बसवतो आणि शेवटी तिचं रूपच पालटतो. एवढं झालं की ती वस्तू त्या समाजाची. मूळ कुठलं, हा प्रश्न मागे पडतो.

सोलापुरी चादर या मापाला सहज उतरते. जेकार्ड आलं, ते जाड सुताला जुंपलं गेलं. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, अंथरायला आणि पांघरायला एकच चालणारी चादर तयार झाली. लिऑनच्या रेशमी पडद्यांशी तिचं आता काहीही नातं उरलेलं नाही. होस्टेलला निघालेल्या मुलाच्या ट्रंकेत ती असते, आहेरात असते, पाहुण्याच्या सत्कारात शालीऐवजीही तीच दिली जाते.

इथं एक सावधगिरीही हवी. 'स्वीकारलं की आपलं' हे तत्त्व बोलायला सोपं आहे, पण त्यात पैसा कुठं गेला हे विचारायचं राहून जातं. मेणछाप कापडाचा नफा कित्येक दशकं बहुतांशी युरोपात गेला. म्हणूनच घानामधले बरेच जण त्या कापडापेक्षा केंटेकडे बोट दाखवतात. अरुंद पट्ट्या मागावर विणून त्या एकमेकींना शिवायच्या, ही त्याची रीत. बोनवायर गावचे विणकर त्यासाठी प्रसिद्ध आहेत आणि डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने या विणकामाची नोंद मानवी वारशाच्या यादीत केली. पण तिथंही अठराव्या शतकात अशांती राजांच्या विणकरांनी परदेशी रेशमी कापड उसवून त्याचेच धागे विणीत घेतले होते. शुद्ध गावठी काहीच सापडत नाही. फरक इतकाच की केंटेत हात आणि मजुरी बोनवायरची आहे.

सोलापूरचं पारडं याच बाजूला झुकतं. माग इथले, रंगाई इथली, कांड्या भरणारे हात इथले. 'सोलापूर चादर' आणि 'सोलापूर टेरी टॉवेल' या दोन्हींना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशातल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींमध्ये. (कोल्हापुरी चपलेला ते मिळायला 2019 उजाडलं, त्या मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, हे कोल्हापूरकर फारसं सांगत नाहीत.) मानांकनाचा कायदा परंपरा किती जुनी आहे एवढंच पाहत नाही. माल कुठल्या भूभागातला, त्याची गुणवत्ता त्या जागेशी कशी जोडलेली, आणि तो बनवणारा नोंदणीकृत वापरकर्ता आहे का, हेही पाहतो. म्हणजे पूर्व भागातल्या कारखानदारालाही मानांकनाचा कायदेशीर फायदा हवा असेल, तर स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. मानांकनाचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावं लागतं, ते वेगळंच.

कायद्याच्या चौकटीत एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे मजुरी. यंत्रमागावर उभा राहणारा कामगार नगावर पैसे मिळवतो, आणि त्याच्या घरातल्या बाईची विड्या वळण्याची कमाई अनेकदा संसाराला तोलून धरते. पूर्व भागातल्या हजारो घरांचा हा हिशोब आहे. भेसळ सुताची चादर बाजारात आली की भावाची स्पर्धा शेवटी या नगाच्या दरावर येऊन आदळते. नकली मालाने 'संस्कृतीचा अपमान' होतो असं भाषणात म्हणतात. नुकसान कुणाचं होतं, ते मात्र इतकं मोघम नाही. पोरगा बापाच्या मागावर बसायला तयार नसेल, तर मानांकन कुणाच्या हाताचं, हा प्रश्न पुढच्या पिढीत उभा राहील.

गिऱ्हाइकाला ओळखायची एक जुनी युक्ती आहे. चादरीच्या कडेचा एक सुटा धागा काडीने पेटवायचा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि बोटांनी चुरता येणारी राख उरते. कृत्रिम असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो. दुसरं, चादर उलटून बघायची. अस्सल विणीत मागची नक्षीही पुढच्याइतकीच नेटकी असते, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. आणि मानांकनाचा टॅग मागायला लाजायचं नाही. पूर्व भागातले जुने दुकानदार काडी पेटवू देतात. गिऱ्हाईक मात्र बहुतेक वेळा आधी भाव विचारतं, मग रंग.