आपत्कालीन संच दाराशीच हवा

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्यात १२ जून २०१४ रोजी झालेल्या वायुगळतीत सहा जणांचा मृत्यू झाला. झोतभट्टीतील वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग वा वास नसल्याने धोका लक्षात येण्यापूर्वीच माणसाची शुद्ध हरपू शकते. ओल्या रुमालानेही हा वायू अडत नाही.

कारखान्यातील वायू वस्तीपर्यंत पोहोचल्यास वस्तू गोळा करण्यास अवधी मिळत नाही. म्हणूनच औद्योगिक नगरातील कुटुंबांनी आपत्कालीन संच आधीच भरून दाराजवळ ठेवणे आवश्यक ठरते. एका हाताने सहज उचलता येईल अशा पिशवीत पिण्याचे पाणी, कोरडे खाद्यपदार्थ, विजेरी, शिट्टी, बॅटरीवर चालणारा रेडिओ, प्रथमोपचाराचे साहित्य, नित्याची औषधे, ओळखपत्रांच्या प्रती आणि थोडी रोख रक्कम असावी. औषधांची मुदत व बॅटरी ठरावीक काळाने तपासावी.

प्रशासनाने घरातच थांबण्यास सांगितल्यास दारे-खिडक्या बंद कराव्यात. बाहेर पडण्याची सूचना मिळाल्यास वायूच्या प्रवाहाला आडव्या दिशेने दूर जावे. मदतीसाठी ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. संच शोधण्यासाठी मात्र कोणीही मागे थांबू नये.