संशोधनसामग्रीच्या जतनाचे पूर्वनियोजन

माणिकपूरहून सोपारा फार दूर नाही. तेथील स्तूपाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. दगडी पेटीतील तांब्याचा करंड, त्याभोवतीच्या आठ कांस्यमूर्ती, करंडात एकात एक ठेवलेली पात्रे आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे, या सर्वांची स्थाननिशी नोंद त्यांनी करून ती प्रसिद्ध केली. नाणे सातवाहनकालीन, तर मूर्ती त्यानंतर कित्येक शतकांच्या; म्हणजे स्तूप मध्यंतरी पुन्हा उघडला गेला असावा, असा विचार पुढील अभ्यासकांना करता आला तो या नोंदीमुळेच. नोंद नसती तर उरल्या असत्या त्या केवळ जुन्या वस्तू.

आज आपल्यापुढील सामग्री याहून नाशिवंत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेताना जे वीस वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. माणिकपूर परिसरातील एखाद्या अभ्यासगटाने अशा वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करावयाचे ठरविले, तर पहिल्या मुलाखतीपूर्वीच काही प्रश्नांची उत्तरे लेखी ठरविली पाहिजेत. या लेखी आराखड्यासच सामग्री-व्यवस्थापनाचे नियोजन म्हणतात.

पहिला प्रश्न संमतीचा. ध्वनिमुद्रण कोण ऐकेल, नाव प्रसिद्ध होईल की नाही, हे सांगणाऱ्यास समजेल अशा भाषेत विचारून घ्यावे. जातीय अत्याचाराची हकिकत सांगणारा माणूस आजही त्याच गावात राहत असतो, याचा विसर पडू नये. नावाऐवजी क्रमांक वापरून नावांची यादी वेगळी व सुरक्षित ठेवावी.

दुसरा प्रश्न नोंदीचा. प्रत्येक मुद्रणास तारीख, गाव व क्रमांक एकाच पद्धतीने द्यावेत. कोणी, कोठे, कोणासमक्ष विचारले, हेही लिहावे. मूळ मुद्रणात कधीही काटछाट करू नये. संपादन प्रतीवर करावे.

तिसरा प्रश्न प्रतींचा. किमान तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या वसईत तळमजल्यावरील एकमेव संगणकावर विसंबणे योग्य नव्हे. प्रती उघडतात की नाही, हे वर्षातून एकदा तपासावे.

शेवटचा प्रश्न उत्तरदायित्वाचा. प्रकल्प संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन जातो. नंतर सामग्री कोणाच्या स्वाधीन? विहार, महाविद्यालय वा ग्रंथालय यांपैकी एकाची लेखी स्वीकृती आरंभीच घ्यावी, आणि त्यासाठी लागणारा खर्च अंदाजपत्रकात दाखवावा.

ही दृष्टी आपल्या परंपरेस नवी नाही. बुद्धवचन लेखनबद्ध होण्यापूर्वी दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंनी एकेक निकाय मुखोद्गत ठेवण्याची जबाबदारी वाटून घेतली होती. कोणी काय सांभाळावयाचे हे ठरलेले होते, म्हणून ते वचन टिकले. आपल्या वृद्धांच्या शब्दांसाठी एवढी व्यवस्था करणे आपले कर्तव्य आहे, असे आम्हास वाटते. कारण ते पुन्हा विचारण्याची संधी आता फार काळ मिळणार नाही.